ओट्यावरचा चौथा गडी

हणमंतरावांनी देवाचा भंडारा उचलून, शपथ घेऊन दारू सोडली खरी, पण संध्याकाळ झाली की त्यांना काय करावं ते सुचेना. मग सुगंधाबाईंनी माळ्यावरचा सारीपाट काढला. नवराबायको आणि शेजारचे तात्या असे तिघे जमले, पण चौथा गडी काही मिळेना.

एकदा इनामदार दौलतराव ओट्यापाशी थांबले. "हणमंता, सोंगट्या कसल्या खेळतोस? माझ्याकडे रोज अर्धा गाव बसतो. पेल्याशिवाय माणसं जमत नाहीत रे. चल."

हणमंतरावांनी चपलांकडे पाहिलं. सुगंधाबाई हसून म्हणाल्या, "जातील की. पण भाऊजी, मला एक कुतूहल आहे. माणसं तुमच्यासाठी येतात की बाटलीसाठी? उद्या बाटली कपाटात ठेवा अन् चहा द्या. निम्मी जरी बसून राहिली, तरी परवापासून मीच यांना पाठवते. तोवर हे इथेच."

"एवढंच ना?" मिशीवर ताव देत इनामदार गेले.

दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावून सुगंधाबाई वाटेकडे बघत राहिल्या. अंधार पडता पडता इनामदार आले, एकटेच.

"वहिनी, तिकडे चहा पातेलंभर उरलाय," ते चपला काढत म्हणाले. "इथं कपभर मिळेल का?"

"मिळेल की," म्हणत त्यांनी सोंगट्या पुढे सरकवल्या. "आधी बसा. डाव तुमच्यासाठीच अडलाय."