पेल्यातून फिरलेला बाण

शेवट ओळखा बघू. ओळखलात तर माझ्या वाटची चिक्की तुमची. नाही यायचा ओळखता, आत्ताच सांगते.

एक होता राजा. त्याला वाचता येईना, लिहिता तर त्याहून येईना. मग न्याय कसा करायचा? तर त्याचा मेहुणा धोंडोजी पाटीवर खडूनं बोटभर बाण काढायचा. टोक ज्याच्याकडं, वस्तू त्याची. राजा म्हणायचा, पाटी खोटं बोलत नाही. बाण काढणारा बोलतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, बरं का.

एकदा काय झालं, हौसा कुंभारणीची शेळी, चांदी, धोंडोजीच्या डोळ्यात भरली. म्हणाला, माझीच आहे. हौसाची नातवंडं त्या दुधावर वाढत होती. मग दोघं दरबारात. उजवीकडं धोंडोजी, डावीकडं हौसा. पाटी समोर उभी करून धोंडोजीनं बाण काढला. टोक धोंडोजीकडं.

हौसाच्या घशाला कोरड पडली. तिनं पाणी मागितलं. आलं काचेच्या गोल पेल्यात. पेला तोंडाशी नेला, त्यातून पाटी दिसली, आणि बाई प्यायचंच विसरली.

"महाराज, बाणाला परत विचारू?"

"पाटीला हात लावशील तर बघ," धोंडोजी म्हणाला.

"न्हाई लावत, दादा."

मग तिनं भरलेला पेला पाटीला चिकटवून ठेवला. राजा पेल्यातून बघतो, तर बाण नुसता लांबलचक, टोक धोंडोजीकडंच. धोंडोजी हसला. मग पेला दोन बोटं मागं ओढला. बाण फुगला, पसरला, टोक कुठं कळेना. धोंडोजीचं हसू अर्ध्यात राहिलं. मग ओढला वीतभर, आणि काय सांगू पोरांनो, बाण गर्रकन फिरला. टोक थेट हौसाकडं.

राजानं पेल्यावरून बघितलं, बाण तिकडं. पेल्यातून बघितलं, इकडं. पुन्हा वरून, पुन्हा आतून. मानच दुखली.

"हे काय गं, हौसा?"

"बाण जागचा हलला न्हाई, महाराज. भरल्या गोल पेल्यातनं येताना उजेड वाकतोय, उजवीकडचा डावीकडं जातोय. पर मला सांगा, घोटभर पाण्यानं फिरतोय त्यो बाण न्याय कसा करंल?"

राजा खजील झाला. पाटी पुसली, शेळी तिला दिली. मग विचारलं, "धोंडोजीला दंड काय करू?"

हौसानं त्याच्या कानात सांगितलं.

हौसा सुखात, नातवंडं दुधात. ओढा पांघरूण, मिटा डोळे. आणि धोंडोजी? तो रोज सकाळी भर चौकात हात जोडून म्हणतो, "चांदीमावशी, रामराम." आणि मावशी त्याच्या फेट्याचं टोक चावत बसते.