न उतरणारा घास

एका राज्यात मणिध्वज नावाचा राजा होता आणि त्याच्या मुदपाकखान्यात तुळाक्का नावाची सैंपाकीण होती. राजाच्या ताटात काय पडायचं ते तुळाक्का ठरवी. राज्यात कोणाच्या डोक्यावर काय पडायचं ते राजा ठरवी. बारा वर्षांमागे जामदारखान्यातून रक्तमणी नाहीसा झाला होता. पहाऱ्यावर तुळाक्काचा नवरा धाकोजी होता. त्याला सुळी दिलं. तुळाक्काला मात्र चुलीपुढेच ठेवलं, कारण तिच्या हातची आमटी युवराज मणिध्वजाला फार आवडे.

युवराजाचा राजा झाला आणि एके दिवशी त्याच्या घशात भाकरी अडली. पुढे भात अडू लागला, मग पेज. शेवटी पाण्याचा घोटही परत येऊ लागला. राजा वाळून काटकी झाला. प्रधान तुळाक्काला म्हणाला, "अन्न तुझ्या हातचं. दोष तुझाच. सात दिवसांत राजा जेवला नाही, तर तूही नवऱ्याच्याच वाटेने."

दरबारात मायानाथ नावाचा मांत्रिक होता. तो तुळाक्काला म्हणाला, "घास न उतरण्याची कारणं पुष्कळ. तोंड कोरडं पडलं तर उतरत नाही. पोटातलं आंबट वर येऊन आतली वाट भाजली तर उतरत नाही. ही दोन्ही नसतील, तर तिसरं कारण उंबरवनातल्या धनेश पक्ष्याला विचार. गिळण्यातलं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही."

तुळाक्का निघाली. पहिल्यांदा ती पाषाणकन्येच्या झऱ्यावर गेली. तहानेने जीव कासावीस झालेला असून जो थेंबही पीत नाही, त्यालाच तो झरा पाणी देई. तुळाक्काने दिवसभर उन्हात बसून तहान सोसली आणि घडा भरून आणला. राजाचं तोंड ओलं झालं, घास उतरला नाही. दुसऱ्यांदा ती अग्निपर्वतावर चढली, तळपाय पोळून घेतले आणि तिथल्या शुभ्र गाईचं लोणी आणलं. राजाची जळजळ शमली, घास उतरला नाही. पाच दिवस सरले.

सहाव्या दिवशी सकाळी ती उंबरवनात पोचली. धनेश उंच फांदीवर बसून उंबरं गिळत होता.

"तीन प्रश्न विचार बाई," धनेश म्हणाला. "चौथ्याला उत्तर नाही. पण आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. आधी घट्ट अडलं की पातळ?"

"आधी भाकरी, मग भात, मग पेज. आता पाणी."

"म्हणजे वाट हळूहळू अरुंद होत गेली. आत काहीतरी आहे आणि ते वाढतं आहे. आता विचार."

"काय आहे?"

"रक्तमणी. तो मूळचा यक्षिणीच्या डोहातला. चोरून घेणाऱ्याच्या देहात तो दरसाल वाढतो, असा तिचा शाप आहे."

तुळाक्का खाली बसली. मग तिने विचारलं, "तो तिथे गेला कसा?"

"युवराज मणी पाहायला घेऊन गेला होता. कोणाची तरी चाहूल लागली, म्हणून त्याने तो तोंडात लपवला. भीतीने गिळला गेला. पुढे खरं सांगायची त्याची छाती झाली नाही."

"आता निघेल कसा?"

"ज्याने राजाची शिक्षा भोगली, त्याचं नाव राजाने स्वतःच्या तोंडाने घ्यावं. चारचौघांत."

धनेश उडून गेला. तुळाक्का उंबराखालीच बसून राहिली. तिने घाई केली नसती, तर उद्या संध्याकाळपर्यंत राजा मेला असता. तिचाही जीव गेला असता, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की राजा मेला, तर धाकोजी कायमचा चोर राहील. ती उठली आणि पोळलेल्या पायांनी चालू लागली.

सातव्या दिवशी भर दरबारात राजाला पालखीतून आणलं. तुळाक्काने धनेशाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. प्रधानाने तलवारीला हात घातला. राजाने त्याला खुणेने थांबवलं.

"खरं आहे," राजा पुटपुटला.

"मग नाव घ्या, महाराज."

राजाचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. त्याने मान खाली घातली. "काय नाव होतं त्याचं?"

बारा वर्षं रोज दोन वेळा या माणसाला तिने वाढलं होतं, आणि त्याला ते नाव ठाऊक नव्हतं. तिच्या मनात आलं, आपण नुसतं गप्प राहिलो तरी पुरे. पण तिने सांगितलं, "धाकोजी."

"धाकोजी," राजा म्हणाला. "धाकोजी निर्दोष होता. चोर मी."

त्याला मोठा उमासा आला आणि रक्तात माखलेला, आवळ्याएवढा मणी फरशीवर पडला. राजाने पाणी मागितलं. ते उतरलं. मग पेज मागितली. तीही उतरली. त्याने आणखी मागितली.

प्रधान म्हणाला, "मणी कावळ्याने नेला होता, अशी दवंडी पिटू."

तुळाक्का म्हणाली, "पिटा. शापाला कावळा पटला, तर बरंच."

दवंडी खऱ्या गोष्टीचीच पिटली गेली. मणी यक्षिणीच्या डोहात सोडला. संध्याकाळी आळीतल्या बाया नारळ घेऊन तुळाक्काच्या दारी आल्या. बारा वर्षं त्यांनी तिला पाणवठ्यावर घागर टेकू दिली नव्हती. "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, धाकोजी तसा नव्हे," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हा का बोलला नाहीत?" तुळाक्काने विचारलं.

नारळ उंबऱ्यावर ठेवून त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी तुळाक्काने मुदपाकखान्याच्या किल्ल्या प्रधानापुढे ठेवल्या आणि वेशीबाहेरची वाट धरली. तिला कोणी थांब म्हटलं नाही. राजा पुढे पुष्कळ वर्षं जगला, न्यायाने वागला, पोटभर जेवला.

राजाचा घास उतरला, तसा तुम्हाआम्हा सगळ्यांचा उतरो. आणि ज्याच्या जिवावर तो उतरतो, त्याचं नाव आपल्याला ठाऊक असो.