तांडेलाचे सुकाणू आणि नारळाची पोती

फार जुन्या काळी, एका कार्तिक वद्य तृतीयेला, एका बंदरात पहाटेपासून दाट धुके होते. वारा पडलेला, ओहोटी लागलेली. त्या धुक्यात एक गलबत बंदरासमोरच्या खडकावर फुटले.

दुपारच्या भरतीबरोबर गलबताचा तांडेल आणि चार खलाशी नारळाच्या पोत्यांना धरून किनाऱ्याला लागले. बारा उतारू मात्र आले नाहीत.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले की तांडेलाने माल वाचवला आणि माणसे बुडवली.

त्या बंदरात न्याय करायला काथ्याचे दोर वळणारी एक म्हातारी बसे. समुद्राचे पाणी ओंजळीत घेऊन तिच्यापुढे साक्ष द्यायची रीत होती. दोषी तांडेलाचे सुकाणू गाव जाळी, आणि मग त्याला कुठल्याच बंदरात गलबत मिळत नसे.

सकाळी साक्षीदारांची रांग लागली. पाण्याची घागर दोनदा भरावी लागली.

“मी डोळ्यांनी पाहिलं, आजी,” मासळीचा व्यापारी म्हणाला. “माणसं ओरडत होती आणि हा पोती ढकलत होता.”

“धुक्यात?”

“मधे जरा विरळ झालं होतं.”

“मला अंगणातली तुळस दिसत नव्हती. तुला अर्ध्या कोसावरचा खडक दिसला?”

“तुमचं वय झालं, आजी.”

लोक हसले. दुसरा पुढे आला. “यानं पाहिलं ते मीही पाहिलं.”

“कुठून पाहिलंस?”

“यानंच सांगितलं की.”

म्हातारीने कपाळावर हात मारला. असे एकोणीस झाले. शेवटी तिने तांडेलाला विचारले.

“पोती उतारूंसाठी टाकली, आजी. सोललेला नसला की नारळ तरंगतो. ओहोटीनं त्यांना दक्षिणेला नेलं. आम्ही शेवटी उतरलो, म्हणून भरतीनं इथं आणलं.”

तिने एक पोते जवळ ओढले. त्याला दोर आवळला होता आणि दोराला दोन फासे होते. तिने त्यांत हात घालून पाहिले. बरोबर मनगटाला बसले.

“माल वाचवणारा पोत्याला हातासाठी फासे बांधील का रे?”

“ओढून न्यायला बांधले असतील,” व्यापारी म्हणाला.

“चार दिवस थांबा. दक्षिणेच्या खाड्यांवर माणूस पाठवा. चारच दिवस मागते आहे.”

“तोवर हा पळेल.”

म्हातारी घसा बसेपर्यंत बोलली, पण एकोणीस साक्षींपुढे गावाने तिचे ऐकले नाही. तिच्या देखतच गावाने भरतीने वाहून आलेले त्याचे सुकाणू जाळले. तांडेल खलाशांना घेऊन पायवाटेने निघून गेला.

चौथ्या दिवशी बारा उतारू चालत आले. तीन खाड्यांपलीकडच्या कोळ्यांनी त्यांना बाहेर काढले होते. साऱ्यांची मनगटे काथ्याने सोलली होती.

“तांडेल कुठे आहेत?” त्यांनी विचारले. “पाया पडायचं आहे.”

“भला माणूस,” व्यापारी म्हणाला. “मला पहिल्यापासून वाटतच होतं.”

म्हातारी उठली आणि दोर वळायला गेली.

पुढच्या कार्तिकात, तसल्याच धुक्यात, व्यापाऱ्याचे गलबत त्याच खडकावर फुटले. गलबतात नारळाची चाळीस पोती होती. एकालाही फासा नव्हता. व्यापारी धरून नऊ माणसे होती, ती नऊही बुडाली.

न पाहिलेल्याची साक्ष देऊ नये. अशा साक्षीने आपण जो माणूस गमावतो, तोच बुडताना हवा असतो.