धाकटा राखणदार आणि भुऱ्या

"शेवटच्या घटकेला दादानं माझं नाव घेतलं का?"

धाकटा हे ज्याला त्याला विचारायचा. उत्तर देणार तरी कोण? थोरल्या भावाला बांधावर साप चावला, तेव्हा त्याच्याजवळ फक्त भुऱ्या होता, त्याचा कुत्रा.

फार जुन्या काळची, तळ्याकाठच्या एका गावातली ही गोष्ट आहे. त्या गावात भात पिकायला लागलं की दिवस मावळताना रानबदकांचे थवे उतरत आणि बघता बघता भाताचं खाचर साफ करत. म्हणून गावानं एक राखणदार नेमलेला असे. तो बांधावर बसून तीरकमठ्यानं बदक टिपायचा. एक पडलं की बाकीचा थवा उठून जायचा. पडलेलं बदक आणायचं काम मात्र कुत्र्याचं. गावाचा नेमच होता, राखणदारानं उभ्या पिकात पाऊल टाकायचं नाही. कुत्रा भातातून वाऱ्यासारखा जातो. माणूस उतरला की भात आडवं होतं.

थोरला हा त्या गावाचा राखणदार होता. त्याचं तेरावं झालं आणि धाकट्यानं खुंटीवरचा कमठा काढला.

पाटील म्हणाले, "नेम चांगला आहे रे तुझा, पण पायाला भिंगरी आहे. जमेल का?"

"जमेल."

"न जमलं तर मी दुसरा माणूस बघीन. आणि राखणीचा कुत्रा राखणदाराचा असतो, हे ध्यानात ठेव. भुऱ्या त्याच्याकडे जाईल."

धाकट्यानं भुऱ्याच्या गळ्यात हात टाकला. थोरल्याचं म्हणावं असं जिवंत काही घरात उरलं असेल, तर तो भुऱ्याच होता.

पहिल्या संध्याकाळी बाण बरोबर लागला. बदक गावातल्या मंजुळाकाकूंच्या खाचरात पडलं. भुऱ्या भातात शिरला, लोंब्या हलल्या आणि बदक अलगद तोंडात धरून तो बाहेर आला. बांधाजवळ येऊन थबकला. धाकट्याला धीर निघेना.

"आण, इकडे आण," म्हणत तो उठला आणि थेट भातात उतरला.

भुऱ्या मागे वळून पळाला. धाकटा त्याच्या मागे. तो जितका धावला, तितका भुऱ्या लांब गेला. शेवटी त्यानं बदक पाटाच्या पाण्यात टाकलं आणि दूर जाऊन बसला. दुसऱ्या संध्याकाळीही तेच झालं.

मंजुळाकाकू कमरेवर हात ठेवून आपलं खाचर बघत होत्या. "बदकांनी खाल्लं असतं, तर त्यांचं तरी पोट भरलं असतं. तू तुडवलंस, त्यात कुणाचं भरलं बाबा?"

पाटील आले, त्यांनीही खाचर पाहिलं. "उद्याचा दिवस बघतो," एवढंच म्हणून ते गेले.

धाकट्याचा तोल सुटला. त्यानं भुऱ्यावर काठी उगारली. "दादाला देत होतास ना? मग मला का देत नाहीस?" भुऱ्या पळाला नाही, गुरगुरला नाही. पोट जमिनीला टेकवून तो नुसता पडून राहिला. धाकट्यानं काठी फेकून दिली आणि तोंड फिरवलं.

काकू जवळ आल्या. "तुझा भाऊ काय करायचा रे?"

"बाण मारायचा."

"ते तर तूही करतोस. मारल्यावर काय करायचा?"

"काही नाही. बसून राहायचा."

"मग तू का बसत नाहीस? तू धावलास की त्याला वाटतं, हा हिसकावून घेणार."

धाकट्यानं पायानं मातीचं ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "बसवत नाही काकू. बसलो की दादा आठवतो."

"आठवू दे की. रडू आलं तर रड. पण बस."

तिसऱ्या संध्याकाळी थवा उतरला. बाण सुटला, बदक पडलं, भुऱ्या भातात शिरला. धाकटा बसून राहिला. मग दादा आठवलाच. चिखलातून खांद्यावर बसवून नेणारा, ताटात भात टाकला म्हणून रागावणारा, आणि रागावून झाल्यावर आपल्या ताटातला मासा हळूच इकडे सरकवणारा. बांधावरचं गवत मुठींत घट्ट धरून धाकटा रडला, पण उठला नाही.

भुऱ्या बांधापाशी येऊन थांबला. धाकट्यानं त्याला हाक मारली नाही. पलीकडच्या वाटेवर पाटील आणि काकू उभे होते. तळ्यावरचा उजेड ओसरत चालला. आणि मग धाकट्याच्या गुडघ्याला ओलं नाक लागलं. भुऱ्यानं बदक त्याच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी अंग टाकलं.

"आपल्याला राखणदार मिळाला," पाटील काकूंना म्हणाले आणि घराकडे वळले.

सकाळी धाकटा काकूंना विचारून खाचरात उतरला. आडवं पडलेलं भात त्यानं मूठमूठ उचललं, चार-चार रोपं एकत्र बांधून उभी केली. भुऱ्या बांधावरून बघत होता. दादानं जन्मभर राखलेलं शेत भावानं तुडवलं आणि कुत्र्यानं तुडवायला लावलं, असं कुणी म्हणू नये, म्हणून दादासाठी आणि भुऱ्यासाठी त्यानं हे काम केलं. शेवटची मूठ बांधून होईपर्यंत त्यानं पाठ सरळ केली नाही.

तात्पर्य: दुःखाला भिऊन धावत सुटणारा हातचंही तुडवतो; जो दुःखापाशी बसतो, त्याच्याकडे माया आपल्या पायांनी चालत येते.