जनरलसाहेबांनी न कापलेलं वाक्य

गळ्याशपथ, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मागच्या खेपेला सांगितली त्यापेक्षा तर पुष्कळच खरी.

मेक्सिकोत कासिल्दा नावाच्या बाईनं चित्रपट काढला. बाईनं चित्रपट काढायचा, हेच तिथं पहिल्यांदा घडत होतं. आता सेन्सॉरचे प्रमुख जनरल ओब्दुलिओ यांची सही मिळाली नसती, तर तो कायमचा डब्यात गेला असता. कासिल्दानं त्यांना मुद्दाम सहकुटुंब बोलावलं. रिवाजाप्रमाणे पुरुष पुढं बसले, बायका मागं.

पडद्यावर नायिका नवऱ्याला म्हणाली, "बंदूक अंगणात ठेवा. घरात हुकूम माझा."

जनरल ताडकन उभे राहिले. "आपल्याकडची बाई नवऱ्याशी असं बोलत नाही. हे खोटं वाक्य कापा, नाहीतर सही विसरा."

मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, खाली बसा. तुमच्या टकलामुळं पडदा दिसेना."

जनरल मुकाट बसले.

कासिल्दा अदबीनं म्हणाली, "कापते, साहेब. त्या जागी बाईसाहेबांचं वाक्य घालू? ते खरं असल्याचे साक्षीदार इथंच बसलेत."

जनरल पुटपुटले, "जुनंच राहू दे." आणि त्यांनी सही केली.

यात मी पदरचं एवढंच घातलंय: बाईसाहेब तेवढं बोलून थांबल्या, हे.