गोठ्यातली तेरा चित्रं

खूप मागच्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात हौसाक्का नावाची बाई म्हशींचा गोठा चालवायची. गोठ्यात चाळीस म्हशी, हाताखाली आठ माणसं. पहाटेच्या धारा झाल्या की दुधाच्या चरव्या बैलगाडीत चढायच्या आणि ऊन तापायच्या आत शहरात पोचायच्या. शहरातल्या आया लहान पोरांना मुद्दाम हौसाक्काच्या गोठ्यातलं दूध पाजायच्या.

हौसाक्काला प्रत्येक म्हैस नावानं माहीत होती. कुठली कुठल्या कुशीवर बसते, कुणाला पाठीवर गार पाणी लागतं, कोण रेडकू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाही, हे तिला विचारावं लागत नसे. गोठ्याचे तिनं दोन नियम केले होते. नवा माणूस ठेवायचा तर ती आधी त्याच्या जुन्या कामाच्या ठिकाणी स्वतः चालत जायची आणि चौकशी करून यायची. दुसरा नियम सगळ्यांसाठी होता. गोठ्यात कुठल्याही जनावराला लागलं, दुखलं, कुणी मारलं, तर ज्यानं पाहिलं त्यानं दिवस मावळायच्या आत तिला सांगायचं. सांगणाऱ्यावर ती कधी रागवत नसे.

त्याच सुमारास शहरात एक मंडळ निघालं होतं. माणसं मुक्या जनावरांचा छळ करतात, असं मंडळातल्या लोकांचं म्हणणं होतं, आणि काही ठिकाणी ते खरंही होतं. पण समोरून येऊन विचारायची त्यांची पद्धत नव्हती. ते आपली माणसं गड्याच्या नाहीतर मजुरणीच्या वेशात गोठ्यांत घुसवायचे. ती माणसं गुपचूप चित्रं काढायची, आणि मग ती चित्रं भर चौकात टांगली जायची. शेजारच्या गावात एक रेडकू आजारानं गेलं. चौकात चित्र लागलं ते मात्र मालकानं त्याला उपाशी मारल्याचं. त्या गवळ्याचं दूध कुणी घेईना. चार महिन्यांत त्याचा गोठा रिकामा झाला.

तेव्हापासून आसपासचे गवळी धास्तावले. कुणी उंच भिंती घातल्या, कुणी दारात कुत्री बांधली. हौसाक्कानं यातलं काही केलं नाही. "माणूस पारखून घेतला की भिंतीचं काम होतं," असं ती म्हणायची.

पण सुगीच्या दिवसांत तिची तीन माणसं एकदम सोडून गेली. धारा वेळेवर निघेनात, म्हशी हंबरायला लागल्या. अशातच एके सकाळी तिशीची एक बाई दारात उभी राहिली.

"माझं नाव वेणू. कोल्हेवाडीला तीन वर्षं गोठ्यात होते. काम मिळेल का?"

हौसाक्कानं तिला एका म्हशीखाली बसवलं. वेणूचा हात ठीक चालला. कोल्हेवाडी चार कोसांवर होती. जाऊन यायला अर्धा दिवस मोडला असता. हौसाक्कानं तटतटलेल्या कासांकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाग कामाला." त्या दिवशी ती पहिल्यांदाच चौकशीला गेली नाही.

वेणू कामाला चोख निघाली. न सांगता गव्हाणी झाडायची, शेण काढायची. मात्र कमरेला खोचलेलं एक छोटं गाठोडं ती क्षणभरही बाजूला ठेवत नसे, आणि काही ना काही निमित्तानं गोठ्याच्या मागच्या टोकाला जायची. तिथल्या म्हशींच्या धारा तात्याबा काढायचा. तात्याबा वीस वर्षांपासूनचा जुना गडी. त्याच्यावर हौसाक्काचा इतका भरवसा होता की माणसं कमी पडल्यापासून ती पुढच्या बाजूलाच राबत होती. मागे तिचं पाऊलच पडलं नव्हतं.

वेणू आल्याच्या सोळाव्या दिवशी हौसाक्का मागे गेली. मोरणी नावाची एक गरीब स्वभावाची म्हैस तिथं बांधलेली असायची. हौसाक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवताच मोरणी अंग चोरून भिंतीला टेकली. हौसाक्कानं नीट पाहिलं. शेपटी मुळाशी सुजली होती, आणि मधला एक सांधा वाकडा झाला होता.

तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"मोरणीची शेपटी कुणीतरी पिरगाळली आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुणी पाहिलंत का?"

तात्याबा जमिनीकडे बघत राहिला. वेणू म्हणाली, "नाही आक्का."

ते 'नाही' फार पटकन आलं होतं. हौसाक्का चपला घालून तशीच कोल्हेवाडीला निघाली. तिथं तिनं चारही गोठ्यांत विचारलं. वेणू नावाची बाई कुणाच्याच ओळखीची नव्हती. दुपारी ती परत आली तेव्हा पायांना फोड आले होते. तिनं वेणूला कडब्याच्या गंजीपाशी बसवलं.

"तू मंडळाची आहेस."

वेणूनं कमरेचं गाठोडं सोडून पुढे ठेवलं. आत कोळशानं काढलेली तेरा चित्रं होती. प्रत्येकात तात्याबा, त्याच्या मुठीत मोरणीची शेपटी, आणि मान वर करून डोळे पांढरे केलेली मोरणी. चित्रं हुबेहूब होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. हौसाक्का एकेक चित्र बघत गेली.

"पहिलं कधी काढलंस?"

"आल्यावर चौथ्या दिवशी. मग रोज एक."

"म्हणजे तेरा दिवस ती ओरडत होती आणि तू चित्र काढत होतीस."

"एका चित्रावर कोण विश्वास ठेवतं? म्हणतात, एखाद्या दिवशी हात चुकला असेल."

"मी ठेवला असता. चित्राचीही गरज नव्हती. दिवस मावळायच्या आत येऊन सांग, एवढंच मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

वेणूनं मान खाली घातली. "मला वाटलं, तुमच्याच सांगण्यावरून चाललंय. सगळे मालक सारखेच असतात, असं आम्हाला शिकवलंय."

"मला विचारायचं होतंस. उत्तर आवडलं नसतं तर काढायची होतीस चित्रं." हौसाक्कानं चित्रं मांडीवर ठेवली. "पण तुला एकटीला काय बोलू? मीही तेरा दिवस मागे फिरकले नाही."

तोपर्यंत ही बातमी गावात पोचली होती. तीन-चार गवळी तावातावानं आत आले. त्यांच्यातला वयानं मोठा म्हणाला, "आक्का, ती चित्रं चुलीत घाल. एकही बाहेर गेलं तर तुझा गोठा बसला, आणि तुझ्या मागून आमचेही. बाईला काय करायचं ते आम्ही बघतो."

चित्रं हौसाक्काच्या मांडीवर होती आणि चूल दहा पावलांवर. चाळीस म्हशी, हाताखालच्या माणसांची घरं, बापाच्या वेळेपासून चालत आलेला गोठा, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं चित्रं नीट जुळवली, गाठोडं बांधलं आणि वेणूच्या हातात दिलं.

"बाईच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही," ती गवळ्यांना म्हणाली. "ती खोटं नाव सांगून आत आली, तिला आजच्या आज गोठा सोडावा लागेल. पण चित्रं खरी आहेत. ती जाळून मोरणीची शेपटी सरळ होणार नाही."

मग तिनं तात्याबाला बोलावलं. तात्याबा म्हणाला, "गुडघे धरलेत आक्का. सारखं उठबस होत नाही. बसलेल्या मोरणीची शेपटी पिरगाळली की ती झटकन उभी राहते."

"गुडघे दुखतात हे मला सांगितलं असतंस तर मी तुला बसून करायचं काम दिलं असतं. यापुढे कुठल्याही म्हशीला हात लावायचा नाही. वैरण कापायला बस."

तात्याबाला ते फार लागलं. तो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. पण नवव्या दिवशी मोरणीची शेपटी शेकायला गरम पाणी त्यानंच आणून ठेवलं.

वेणूला चित्रं परत दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हौसाक्का दुधाच्या गाडीबरोबर शहरात गेली. मंडळाची चित्रं चौकात लागायच्या आधी ती स्वतः चौकात उभी राहिली. काय घडलं, कुणी केलं, तिची स्वतःची चूक कुठे झाली, हे तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. काही बायकांनी दूध न घेता चरव्यांकडे पाठ फिरवली. एक म्हातारी म्हणाली, "आजवर कुणी मालक असं सांगायला आला नव्हता," आणि तिनं लोटा पुढे केला.

चार दिवसांनी मंडळानं चित्रं टांगली. लोक जमले. मंडळाचा प्रमुख बोलायला उठणार, इतक्यात वेणू पुढे झाली. ही चित्रं आपण काढल्याचं तिनं सांगितलं. मग गर्दीतून कुणीतरी विचारलं, "हे थांबवलं कुणी?"

"मी नाही," वेणू म्हणाली. "मी तेरा दिवस बघत राहिले. गोठ्याच्या मालकिणीला कळलं त्याच दिवशी तिनं थांबवलं. माझी चित्रंही तिनंच मला परत दिली."

प्रमुखानं तिला खाली बसायला खुणावलं, पण ती तिचं बोलणं पुरं करूनच खाली बसली. त्या दिवशी चौकात कुणी हौसाक्काच्या नावानं ओरडलं नाही. ज्यांनी पाठ फिरवली होती त्यांतल्या बऱ्याच जणी महिन्याभरात परत आल्या. काही कधीच आल्या नाहीत.

हौसाक्कानं त्यानंतर महिन्यातला एक सोमवार ठरवला. त्या दिवशी कुणीही यावं, दारात नाव-गाव सांगावं, बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून चुन्याच्या पाण्यानं पाय धुवावेत आणि गोठ्यातल्या माणसाबरोबर सगळा गोठा बघावा. इतर दिवशी मात्र अनोळखी माणसाला आत सोडत नसत, आणि चौकशीशिवाय कुणाला कामावर ठेवत नसत. हळूहळू बाकीच्या गवळ्यांनीही हीच रीत उचलली.

पुढच्या वर्षी एक नवी बाई कामाला लागली. हौसाक्कानं तिच्या गावी जाऊन चौकशी केलेली होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती बाई भीतभीत तिच्यासमोर उभी राहिली.

"आक्का, त्या कोपऱ्यातल्या म्हशीच्या गळ्यातलं दावं फार आवळलंय. कातडी सोलली आहे."

"कुणी बांधलं?"

बाई अडखळली. "सकाळी तुम्हीच बांधलं होतं."

हौसाक्का हातातलं काम टाकून उठली. कोपऱ्यात गेली, दावं सैल केलं, जखमेला हळद लावली. मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

तात्पर्य: आपल्या दारातून आत येणाऱ्याला पारखून घ्यावं, आणि आत काही चुकलं तर ते सांगण्याची मुभा सगळ्यांना द्यावी. चूक त्याच दिवशी सुधारणाऱ्याला चोरून पाहणाऱ्याचं भय राहत नाही.