घडीवर चाललेली कात्री

फार फार वर्षांपूर्वी, कागद हाताने बनत असे आणि तो वाया घालवणे पाप समजले जात असे, त्या काळी एका नदीकाठी एक नगर होते. नगराबाहेर कागद बनवणाऱ्यांची वस्ती होती. त्यांचा उत्तम कागद दरबारी जाई. कडा विरलेला, डाग पडलेला कागद मात्र कोणालाच नको असे. त्या वस्तीतल्या कोणा एकीने तसला कागद घरी नेला, त्याची घडी घातली, कात्रीने चार चिरा दिल्या आणि घडी उलगडली. पाहते तो काय, कागदावर वेल फुललेली! तिने ती गौरीच्या मखराला लावली.

शेजारणीने ती पाहिली, शेजारणीच्या नणंदेने पाहिली. मग काय विचारता! कागदाच्या जाळ्या खिडक्यांना लागल्या, बारशाच्या पाळण्याला लागल्या, रुखवतात मांडल्या गेल्या. आणि पुढेपुढे तर निमित्तही लागेनासे झाले. दुपारची झाकपाक उरकली की बायका ओसरीवर कात्री घेऊन बसत. गिऱ्हाईक नसले की दुकानदारही तेच करीत. या उद्योगाने कोणाचे पोट भरत नव्हते. मन मात्र भरत होते.

त्या नगराची एक रीत होती. नवी जाळी दिसली की ती किती घड्यांची, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. "चार घड्यांची!" एक म्हणे. "डोळे आहेत की बटणे? तीनच आहेत!" दुसरा म्हणे. भर रस्त्यात अशी भांडणे रंगत.

याच हौशी लोकांतून काहींचे हात फार तयार झाले. राजाने त्यांना दरबारी ठेवले आणि 'कातरकार' ही पदवी दिली. पदवीमागोमाग ताठाही आला. मुख्य कातरकार एके दिवशी राजाला म्हणाला, "महाराज, कोणीही उठतो आणि कागद कापतो. कमळाचा कोबी होतो, हत्तीचे डुक्कर होते. कलेची ही विटंबना आम्ही किती दिवस पाहायची?"

राजाला ते पटले. दवंडी पिटली गेली : दरबारी कातरकारांखेरीज कोणीही कागद कापू नये, घरोघरच्या कात्र्या कोतवालीत जमा कराव्यात.

लोकांनी मुकाट्याने कात्र्या दिल्या. दिली नाही ती एका वैद्याच्या पत्नीने. सारे नगर तिला काकू म्हणत असे. काकूंचा हात काही चांगला नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र कागद उलगडतानाचा तो एक क्षण, आत काय निघेल ते ठाऊक नसण्याचा, त्यांना जिवापाड प्रिय होता. तो दुसऱ्या कोणाच्या हुकुमाने सोडायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

कोतवालाने त्यांची कात्री नेली. काकूंनी विळीवर कागद कापला. विळी नेली, तेव्हा त्यांनी नखांनी कागद कोरला आणि जाळी दारावर, रस्त्यावरून दिसेल अशी चिकटवली.

कोतवाल भला माणूस होता. तो म्हणाला, "काकू, निदान असं तरी सांगा की हा कागद उंदरांनी कुरतडलाय. मी मान्य करीन."

"उंदरांना कशाला श्रेय देऊ?" काकू म्हणाल्या. "मी केली आहे. उद्याही करणार आहे."

अशी वर्षे गेली. हातात कधी कात्री न धरलेली मुले मोठी झाली. एका वर्षी गौरीच्या सणाला राजाने फर्मावले, "त्या बाईला माझ्यापुढे उभी करा. ऐकत नसेल, तर तिने नगर सोडावे." ज्या घरात लग्न होऊन आल्या, ते घर उतारवयात सोडायचे! वैद्यबुवांनी विनवले, "अगं, एकदा चुकले म्हण." काकूंनी लुगड्याचा पदर खोचला आणि कोतवालाबरोबर त्या चालू लागल्या.

राजवाड्याच्या चौकात त्याच दिवशी मुख्य कातरकाराचे कागदी जाळ्यांचे मखर उघडले होते. वर्षभर खपून केलेले, श्वास रोखून पाहावे असे काम. लोक रांगेने येत, नमस्कार करीत आणि प्रसादाकडे वळत. कोणी थबकत नव्हते, कोणी भांडत नव्हते. कातरकाराचा चेहरा उतरला होता आणि राजाही चिडला होता.

काकूंची जप्त जाळी हाती धरून राजाने विचारले, "बाई, हा मोर आहे?"

"मोर म्हणून आरंभ केला होता," काकू म्हणाल्या.

"इतके वाईट जमते, तर करता कशाला?"

"आवडते म्हणून. महाराज स्नानाच्या वेळी गातात. दरबारच्या गवयांनी कधी तक्रार केली आहे का?"

चौकात खसखस पिकली. राजा लालबुंद झाला. "हिला कागद आणि कात्री द्या! सर्वांदेखत एक जाळी कापा, बाई. जमली तर राहा. न जमली तर नदीपार व्हा."

काकूंनी शांतपणे घड्या घातल्या, कात्री चालवली आणि कागद उलगडला. कागदाचे दोन तुकडे होऊन खाली पडले. जाळी कापताना घडीची बाजू अखंड ठेवायची असते. काकूंनी नेमकी तीच कापली होती.

मग एक म्हातारी खो खो हसत सुटली. "अगं बाई, घडीच कापलीस की! माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला मी हेच केलं होतं!" "मी तर दर सणाला करायची!" दुसरी ओरडली. सगळी जुनी माणसे डोळ्यांतून पाणी येईतो हसू लागली. तरुण मंडळी मात्र एकमेकांची तोंडे पाहत राहिली.

"चुकले," काकू राजाला म्हणाल्या. "दुसरा कागद द्या. द्यायचा नसेल तर नदीपारही केळीची पाने आहेत. मी तिथे कापीन."

मुख्य कातरकार ते तरुण चेहरे पाहत होता. त्याने एकाला जवळ बोलावले आणि मखराकडे बोट दाखवून विचारले, "बाळ, ही जाळी किती घड्यांची?"

"घड्या म्हणजे काय, बुवा?" तो तरुण म्हणाला.

कातरकाराने आपली कात्री राजाच्या पायांशी ठेवली. "महाराज, चूक माझी आहे. मी यांच्या हातांतली कात्री मागितली आणि तिच्याबरोबर डोळेही गेले. आता मी कोणासाठी कापू? या बाईंना घालवणार असाल, तर मलाही घालवा."

राजा चूक कबूल करणाऱ्यांतला नव्हता. "कोतवालीत कात्र्या गंजत पडल्या आहेत," तो घुश्शात म्हणाला. "ज्याची त्याने घेऊन जावी." काकूंनी आभार मानले नाहीत; आपलीच वस्तू परत मिळाल्याबद्दल आभार कसले?

पुढल्या गौरींना चौकात मखर उघडले, तेव्हा लोक हटेनात. "पाच घड्या!" "छे, चार!" असा गलका उठला. कोणी एक मुलगी ओरडली, "ती बघा, उजवीकडची वेल जरा घसरली आहे!" तिचे म्हणणे खरे होते. मुख्य कातरकार गर्दीत उभा होता; कित्येक वर्षांनी तो मनापासून हसला.

तात्पर्य : चुकतमाकत हौस करणारे हात बांधले, तर श्रेष्ठ कला ओळखणारे डोळेही मिटतात.